पहिल्या आठवड्याचे दोन किलो

मराठी घरात लो-कार्ब आहार सुरू व्हायला दोन कारणं पुरतात: रक्ताचा रिपोर्ट किंवा लग्नपत्रिका. रिपोर्ट वाईट आला की माणूस आधी लॅब बदलून पाहतो. पत्रिकेवरची तारीख बदलता येत नाही. मग ‘लग्नाला पाच आठवडे आहेत, तोवर दहा किलो उतरवायचे’ असा ठराव जेवणाच्या टेबलावर पास होतो, पोळ्यांचा डबा ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात जातो, आणि ब्लाउज शिवायला टाकताना आजचं माप न देता पाच आठवड्यांनंतरचं दिलं जातं. शिंपी वाद घालत नाही. तो सांगितलेलं माप वहीत लिहून घेतो आणि शिवणीत दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवतो. वजन उतरवणाऱ्यांचा इतका दीर्घ अनुभव गावातल्या डॉक्टरलाही नसतो.

त्या दहा किलोंचा हिशेब कागदावर मांडला तर तो असा होतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. दहा किलोंच्या झाल्या ७७ हजार. पस्तीस दिवसांत त्या संपवायच्या तर रोज २२०० कॅलरींची तूट हवी. आता पन्नाशीची, पाच फूट दोन इंच उंचीची, घर आणि ऑफिस दोन्ही ओढणारी बाई दिवसभरात खर्च करते साधारण १८०० कॅलरी. म्हणजे तिने पाच आठवडे तोंडात पाण्याशिवाय काही घातलं नाही, तरी रोज ४०० कॅलरी कमीच पडणार. तेवढ्यापुरतं शेजारणीचं शरीर भाड्याने घ्यावं लागेल.

हा हावरेपणा फक्त आपल्याकडचा नाही. १९९७ साली अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० लठ्ठ स्त्रियांना उपचार सुरू होण्याआधीच विचारून ठेवलं, की तुम्हाला किती वजन कमी व्हायला हवंय. या बायकांचं सरासरी वजन होतं ९९ किलो. त्यांचं उद्दिष्ट निघालं वजनाच्या ३२ टक्के, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश बाई नाहीशी व्हायला हवी होती. संशोधकांनी पुढे विचारलं, किती कमी झालं तर तुम्ही निराश व्हाल? उत्तर आलं, १७ किलो. म्हणजे सतरा किलो उतरणं हे अपयशाच्या खात्यात. ४८ आठवड्यांच्या उपचारांनंतर सरासरी १६ किलो वजन उतरलं. कुठल्याही डॉक्टरने पेढे वाटावेत असा हा निकाल. पण त्यातल्या ४७ टक्के स्त्रिया, स्वतःच आखून ठेवलेल्या निराशेच्या रेषेपर्यंतही पोचल्या नव्हत्या. वजन उतरलं होतं, अपेक्षा जागची हलली नव्हती.

लो-कार्बच्या बाबतीत या अपेक्षेला खतपाणी घालतो तो पहिला आठवडा. सोमवारी भात बंद, पोळी बंद, साखर बंद. पुढच्या सोमवारी काटा दोन किलो खाली. काही भाग्यवंतांचे तीनही. काट्याचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, त्यात पायाचे अंगठेही दिसतात, आणि खाली चौदा जणांचे नमस्कार पडतात. ‘आठवड्याला दोन, म्हणजे महिन्याला आठ’ असा त्रैराशिकाचा हिशेब जागेवर होतो. चौथीत गणितात नापास झालेला माणूससुद्धा इथे चुकत नाही.

चुकतं ते शरीरशास्त्र. आपलं शरीर खाल्लेल्या कर्बोदकांचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने ठेवतं. हा साठा सगळा मिळून चारशे-पाचशे ग्रॅमचा, पण त्याचा प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी थांबली की शरीर हा साठा खर्चायला काढतं आणि त्याला धरून असलेलं पाणी मोकळं होतं. शिवाय इन्शुलिनची पातळी उतरली की मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात, त्यामागून आणखी पाणी जातं. बेरीज करा, दोन किलो होतात. ओला पंचा पिळला की हलका होतो, त्यातला एक धागाही कमी झालेला नसतो. पहिल्या आठवड्यात चरबी जाते ती पाव-अर्धा किलो, आणि तेवढी गेली तरी उत्तमच. पण तिच्यासाठी कुणी नमस्कार पाठवत नाही.

या पाण्याची परतीची वाटही तेवढीच सोपी आहे. तिसऱ्या आठवड्यात साखरपुडा येतो, श्रीखंड-पुरीची पंगत बसते, साठा पुन्हा भरतो आणि पाणी परत येतं. दुसऱ्या दिवशी काट्यावर दीड किलो वाढलेले. ‘एका दिवसात दीड किलो चढलं, आता काय अर्थ आहे?’ असं म्हणून माणूस उरलेलं श्रीखंडही संपवतो. प्रत्यक्षात दीड किलो चरबी एका दिवसात चढवायची तर नेहमीच्या जेवणावर साडेअकरा हजार कॅलरींचं श्रीखंड खावं लागेल. वऱ्हाडातल्या जुन्या खवय्यांनीही त्यापुढे हात टेकले असते.

लो-कार्बच्या इतिहासातलं पहिलं गाजलेलं गिऱ्हाईक या बाबतीत फार समंजस होतं. विल्यम बँटिंग हा लंडनचा माणूस, धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा. राजघराण्यातल्या अंत्ययात्रांची कामं त्यांच्या घराण्याकडे असत. १८६२ साली हे गृहस्थ ६६ वर्षांचे होते, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. बुटाची नाडी बांधायला वाकता येत नसे, आणि जिना उतरायचा तर पाठमोरं होऊन सावकाश उतरावं लागे. त्याआधी त्यांनी वजनासाठी काय करायचं ठेवलं नव्हतं. एकाने सांगितलं व्यायाम करा, म्हणून ते पहाटे नाव वल्हवू लागले. दंडात ताकद आली, पण तिच्यासोबत अशी भूक आली की वजन आणखी वाढलं. आपल्याकडे सकाळी टेकडी चढून उतरताना मिसळ खाणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शेवटी ऐकू कमी येतं म्हणून ते विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वींनी पॅरिसमध्ये शरीरशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकलेली होती. त्यांनी बँटिंगना पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा या गोष्टी सोडायला सांगितल्या. मांस, मासे, भाज्या चालतील. क्लॅरेट आणि शेरी चालेल. रात्री झोपण्यापूर्वी हवी असेल तर जिन किंवा व्हिस्कीही चालेल. असं पथ्य लिहून देणारा डॉक्टर मिळाला असता तर महाराष्ट्रातला अर्धा पुरुषवर्ग त्या काळीच सडपातळ झाला असता.

बँटिंग यांनी १८६३ मध्ये हा अनुभव स्वखर्चाने पुस्तिकेत छापला आणि फुकट वाटला. तिच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी वजनाची नोंद तारीखवार दिली आहे. २६ ऑगस्ट १८६२ ते १२ सप्टेंबर १८६३ या काळात वजन उतरलं ४६ पौंड, कमरेचा घेर सव्वाबारा इंच कमी झाला. पुस्तिकेने इंग्लंडभर खळबळ उडवली. पण भागाकार केला तर ते पडतात आठवड्याला चारशे ग्रॅमपेक्षाही कमी. लो-कार्बची सगळ्यात गाजलेली यशोगाथा आठवड्याला चारशे ग्रॅमची आहे. एवढ्या फरकाचा फोटो कुणी ग्रुपवर टाकला, तर ‘काटा नीट सपाट फरशीवर ठेवलाय ना?’ असा प्रश्न येईल.

पुढे १९७२ मध्ये न्यू यॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ॲटकिन्स यांनी हाच विचार नव्याने मांडला, त्यांचं पुस्तक धडाक्यात खपलं, आणि फिरत फिरत ही लाट ‘किटो’ हे नाव घेऊन डोंबिवलीच्या लोकलमध्ये चढली. इथे तिची गाठ पडली ज्वारीशी.

लो-कार्ब म्हणजे ढोबळमानाने दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं. किटो म्हणजे त्याहून कडक, २० ते ५० ग्रॅम. मराठी माणसाचा ठाम समज असा की भाकरी यात धरायची नसते. ‘पोळी बंद केलीय, भाकरीच खातो’ हे वाक्य लो-कार्बची व्याख्या म्हणून सर्रास ऐकू येतं. भाकरी पोळीपेक्षा चांगली की वाईट हा वेगळा वाद, पण ज्वारीच्या पिठात सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्बोदकंच असतात. पन्नास-साठ ग्रॅम पिठाची एक मध्यम भाकरी पस्तीस-चाळीस ग्रॅमला जाते. झुणक्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या की किटोचा दिवस दुपारी एकच्या आत संपला, आणि झुणक्यातलं बेसन तर अजून मोजलेलंच नाही.

त्यावर कडी करते एकादशी. आठवडाभर भाताकडे पाठ फिरवणारा माणूस उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी डोळे मिटून खातो, कारण उपास म्हणजे मुळात कमी खाणं. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध स्टार्च. कोरड्या साबुदाण्याच्या शंभर ग्रॅमांत ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं. वरून बटाटा. किनारपट्टीवर वेगळीच पंचाईत. बांगडा, सुरमई, बोंबील यांत कर्बोदकं नावाला नाहीत, आहारतज्ज्ञ मासे खा म्हणून सांगतात, आणि गोव्यात-मालवणात माणसाला प्रश्न पडतो की हुमण खायचं ते कशाबरोबर? चमच्याने? मग वाटीभर भात येतो. वाटी कोणती घ्यायची हे घरातला मालक ठरवतो.

दुसऱ्या टोकाला असतात ते काटेकोर पाळणारे. त्यांनी कर्बोदकं खरोखर बंद केलेली असतात, आणि त्या आनंदात बाकी सगळ्याला मोकळीक दिलेली असते. सकाळी कॉफीत तूप, अकरा वाजता मूठभर बदाम, दुपारी पनीर तुपात परतून, चार वाजता पुन्हा बदाम, रात्री चीज. हातात मूठ असली तरी तोंडात जाताना ती ओंजळ होते. शंभर ग्रॅम बदामांत ५८० च्या घरात कॅलरी असतात आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतही जवळपास तेवढ्याच. तुपाचा प्रत्येक ग्रॅम नऊ कॅलरींचा. लो-कार्बचा खरा फायदा हा की प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ खाल्ले की बऱ्याच जणांची भूक लवकर शमते आणि खाणं आपोआप घटतं. ते घटलं नाही, तर कर्बोदकं शून्यावर आली तरी काटा बधत नाही. मग हे गृहस्थ थायरॉइडची तपासणी करून घेतात. ती नॉर्मल येते, याचं त्यांना वाईट वाटतं.

महाराष्ट्रात तर हा आहाराचा प्रश्न पक्षभेदासारखा घराघरांत शिरलेला आहे. एका खोलीत डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी, दिवसातून दोनदा जेवणारे आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरकणारे. दुसऱ्या खोलीत ऋजुता दिवेकरांना मानणारे, थोड्या थोड्या वेळाने खाणारे आणि भातावर बिनधास्त तूप घेणारे. तिसऱ्या पिढीने किटो आणलेला. त्या घरातल्या आजीला एकाच दिवशी तीन स्वयंपाक करावे लागतात आणि उरलेलं संपवण्याचं कामही तिच्याकडेच येतं.

कुठला पक्ष जिंकतो हे पाहण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांनी मोठा प्रयोग केला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६०९ माणसं, वर्षभर, निम्म्यांना कमी कर्बोदकं आणि निम्म्यांना कमी स्निग्ध आहार. वर्षाअखेर लो-कार्बवाल्यांचं वजन सरासरी ६ किलो उतरलं होतं, लो-फॅटवाल्यांचं ५.३ किलो. सातशे ग्रॅमचा हा फरक संख्याशास्त्राने फरक म्हणून मानलाच नाही. खरी गंमत सरासरीच्या आत होती. दोन्ही गटांत कुणी तीस किलोंच्या आसपास उतरलं होतं आणि कुणाचं वजन दहाएक किलो चक्क वाढलं होतं. सोसायटीत ज्यांचं तीस किलो उतरलं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. ज्यांचं वाढलं ते जिन्याने जातात. त्यामुळे लिफ्टमधल्या माणसांच्या मनात लो-कार्बची सरासरी नेहमी तीस किलोंची राहते.

सहा किलो, तेही वर्षाला, आणि तेही आहारतज्ज्ञांच्या गटात नेमाने बसवून शिकवलेल्या माणसांचं. हा आकडा डोक्यात ठेवून पाहिलं तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काटा एकाच जागी का रुसून बसतो हेही कळतं. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केव्हिन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी याचा हिशेब काढला आहे. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र रोज शंभरेक कॅलरींनी वाढते. पाच किलो उतरले की शरीर शे-दीडशे कॅलरींची काटकसर करू लागतं आणि वर पाचशे कॅलरींची मागणी पुढे करतं. पाचशे म्हणजे जवळपास दोन वडापाव. ही मागणी रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, स्टेशनबाहेर, तेल तापलेल्या कढईसमोर नोंदवली जाते. तिथून निमूट पुढे जाणाऱ्या माणसाला संकल्पशक्ती नाही असं कुणी म्हणू नये.

पूर्वी प्लॅटफॉर्मवर वजनाचं यंत्र असे. आत लाल-पिवळे दिवे लुकलुकत, चाक गरगर फिरे, नाणं टाकलं की खटकन तिकीट पडे. तिकिटावर एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. ‘आपणास लवकरच धनलाभ होईल’ वगैरे. लोक भविष्य आधी वाचत आणि वजनाची बाजू गाडीत बसल्यावर. वर्षातून दोनदा प्रवास, दोनदा वजन, प्रकृती छान. आता डिजिटल काटा बाथरूमच्या दाराशीच असतो, आणि माणूस दिवसातून तीनदा चढतो: उठल्यावर, पोट साफ झाल्यावर, आणि कपडे काढून. काल रात्रीचं लोणचं-पापड, राहून गेलेला शौच, बायकांमध्ये पाळीच्या आधीचे दिवस, यांनी काटा एक-दोन किलो सहज वर-खाली होतो. चरबीचा जो वेग आठवड्याला तीनशे-चारशे ग्रॅम आहे, तो या धांदलीत दिसणार कसा? म्हणून आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी वजन करावं आणि महिन्याचा कल पाहावा, असं सांगतात. लोक ऐकतात. फक्त मध्ये मध्ये ‘सहज’ चढून बघतात.

पोटाची गोष्ट काट्यावर दिसतही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलं दोघांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या सदऱ्याखाली काय दडलेलं असतं ते एका चित्रात जगाला कळलं. एवढ्या मोठ्या नियतकालिकात स्वतःच्या चरबीची टक्केवारी छापायला धैर्य लागतं. आपल्याकडे आधारकार्डावरची जन्मतारीखही लोक नाइलाजाने देतात. म्हणूनच डॉक्टर काट्यासोबत टेपही बाहेर काढतात. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, स्त्रीची ८०. टेप धरताना पोट आत ओढलं तर ते मोजमाप नव्हे, अभिनय.

मग मागायचं तरी किती? २००२ मध्ये गाजलेल्या अमेरिकेच्या मधुमेह-प्रतिबंध प्रकल्पात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांपुढे वजनाच्या फक्त सात टक्के आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट ठेवलं होतं. मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. ७८ किलोंच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांनी भारतीयांवर असाच प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. तिथे आहार आणि हालचाल सुधारलेल्यांचं वजन जवळजवळ तेवढंच राहिलं, तरी धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. काटा ढिम्म, आणि आत सुधारणा चालू. अशा यशाचा फोटो काढायचा कसा, हा प्रश्न व्हॉट्सॲपने अजून सोडवलेला नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डोस तसाच ठेवून कर्बोदकं एकदम तोडली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्यांवर असताना कडक किटो केला तर रक्तात आम्ल साचून दवाखान्यात भरती व्हायची वेळ येऊ शकते. आधी डॉक्टर, मग भात बंद. शेजारच्या काकांनी केलं आणि त्यांना काही झालं नाही, हा वैद्यकीय पुरावा नव्हे.

या सगळ्यातून धीराने गेलेली बाई सहा महिन्यांनी साडेपाच किलो उतरून गौरीच्या जेवणाला येते. वजन बँटिंगपेक्षा कमी वेगाने उतरलंय, पण उतरलंय. रिपोर्ट सुधारलेत, गुडघा कुरकुरत नाही, मांडी घालून पंगतीत बसता येतं. मोठ्या जाऊबाई तिच्याकडे निरखून पाहतात आणि म्हणतात, “अगं, चेहरा किती ओढलाय! शुगर निघाली का काय?”

ती सांगते, “नाही हो वहिनी, डाएट करतेय. साडेपाच किलो उतरले.”

पलीकडून आतेसासूबाई मान वळवतात. “डाएट? सहा महिने? मग दिसत कसं नाही गं काहीच?”

दोघींना एकदम उत्तर देता येईल असं वाक्य तिला सुचत नाही. तेवढ्यात वाढपी समोर येते, ती ताटावर हात आडवा धरून ‘अर्धी, अर्धीच’ म्हणते, आणि हाताच्या फटीतून अख्खी पुरणपोळी ताटात येऊन पडते, मागोमाग तुपाची धार.

“खा गं,” वाढपी म्हणते. “साखर नाहीये त्यात, गुळाची आहे.”